नखावरचा हत्ती पडला १४,५०० रुपयांना

उदयपूरच्या जगदीश मंदिराच्या ३२ पायऱ्या उतरून आम्ही गणगौर घाटाकडे निघालो होतो. पिछोला तलावावर ऊन उतरलं होतं आणि ह्यांचे गुडघे बोलायला लागले होते. तेवढ्यात एक पोरगा आला. "माताजी, बेचना कुछ नहीं है, विद्यार्थी हूँ, बस कला देखिए." असं म्हणणाऱ्याच्या मागे जाऊ नये हे मला कळत नव्हतं का? कळत होतं. पण आत पंखा होता, खुर्ची होती, चहा आला.

खारीच्या केसांच्या ब्रशने त्याने माझ्या अंगठ्याच्या नखावर हत्ती काढला. सोंड वर, पाठीवर लाल झूल. फुकट! हत्ती म्हणजे भाग्य, घोडा म्हणजे शक्ती, उंट म्हणजे प्रेम, ही पोपटपंची उदयपुरात तुम्हीही ऐकाल. तिथे आधी नख मागे घ्या. एकदा हत्ती काढून घेतला की भिडेपोटी उठवत नाही.

मग निघालं 'शंभर वर्षं जुन्या' स्टँपपेपरवरचं मिरवणुकीचं चित्र. दगडाचे रंग, खरं सोनं, आजोबांचा हात. सांगितले २२,०००, उतरत उतरत १४,५००.

भिंग त्याच्याच हातात होतं. तो ते काठावरून सावकाश फिरवत होता, कारण काठाची वेलबुट्टी खरोखर हाताने रंगवलेली होती. मधल्या हत्तींपाशी आलं की हात सर्रकन पुढे. मी ३१ वर्षं बँकेत कॅशवर बसले, खोट्या नोटा नुसत्या बोटांना कळायच्या. आणि मला "दे ते भिंग इकडे" म्हणता येऊ नये? नखावरचा रंग ओला होता. मी अंगठा सांभाळत बसले होते!

कार्डाचं मशीन 'बंद', म्हणून पैसे यूपीआयने, तेही तिसऱ्याच नावावर. बिलावर फक्त 'एक पेंटिंग'. असलं बिल म्हणजे चिटोरं, घेऊ नका.

संध्याकाळी हाथीपोलच्या बाजारात तीच मिरवणूक दोरीवर टांगलेली, ४५० रुपये. मोबाइलने झूम केलं तर हत्तीच्या कानावर छपाईचे ठिपके. परत गेलो तर गादीवर दुसराच माणूस, "ऐसा कोई लड़का यहाँ नहीं है."

चौकीत तासभर बसवलं. "आपने मर्ज़ी से खरीदा." लेखी तक्रार दिली तर पोच नाही, साहेब बंदोबस्तावर. हेल्पलाइनवर म्हणे, ओटीपी दिला नाहीत ना, मग ही सायबर फसवणूक नव्हे. बँक, म्हणजे माझीच बँक, म्हणते पैसे तुम्हीच पाठवलेत. शेवटी चौकीतला एक जण म्हणाला, केस करायची तर उदयपूरलाच यावं लागेल. साफ खोटं! २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते आणि ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. हे मला त्या चौकीत माहीत असतं तर!

पैसे देतानाचा दुकानाचा फोटो काढून ठेवा. मी हत्तीचा काढला.

तक्रार टाकली आहे. चित्र कपाटावर वर्तमानपत्रात गुंडाळलेलं आहे. परवा नणंदेने काढून पाहिलं, "छान आहे गं, केवढ्याला?"

मी म्हटलं, साडेचारशे.