आभारयादीतून सापडलेले बँड : स्वतंत्र पॉप-पंकच्या रेकॉर्ड, बँडकॅम्प आणि एक हरवलेला इन्सर्ट

एका विक्रेत्याशी चाललेला वाद नुकताच मिटला, म्हणून हे लिहायला बसले. वाद एका कागदावरून होता. जुनी एलपी मागवली होती, वर्णनात 'संपूर्ण' असं स्वच्छ लिहिलेलं. तबकडी चकचकीत, कव्हरचे कोपरे शाबूत, पण आत इन्सर्ट, म्हणजे रेकॉर्डसोबत येणारा छापील माहितीचा कागद, नाही. विक्रेत्याचं म्हणणं एकच : रेकॉर्ड वाजतेय ना? वाजतेय. पण मी पैसे नुसतं वाजण्याचे मोजले नव्हते.

पॉप-पंक म्हणजे वेगवान पंक आणि गुणगुणावीशी चाल, याहून जास्त इथे सांगत बसत नाही. गेले बरेच महिने मी छोट्या लेबलांवरचे (लेबल म्हणजे रेकॉर्ड काढणारी कंपनी) बँड दोन वाटांनी ऐकते आहे. बँडकॅम्पवरून, म्हणजे बँड जिथे आपलं संगीत थेट विकतात त्या संकेतस्थळावरून, फाइल विकत घ्यायच्या आणि जो अल्बम मनात घर करील त्याची रेकॉर्ड टपालाने मागवायची. त्याआधी महिन्याची वर्गणी भरून ऐकायची एक सेवा होती, ती बंद केली. एके दिवशी माझा आवडता अल्बम तिथून गायब झाला. कळवणं नाही, कारण नाही, यादीत नुसती राखाडी नावं. शिवाय तिथे कितीही छोटा बँड लावा, चार गाण्यांनंतर ब्लिंक-१८२ हजर. ब्लिंक मलाही आवडतो. पण त्याला शोधायला कोणाची मदत लागत नाही.

आता त्या कागदाबद्दल. इन्सर्टवर गाण्यांचे शब्द असतात, कोणी काय वाजवलं ते असतं, ध्वनिमुद्रण कुठे आणि कोणी केलं ते असतं, लेबलचा पत्ता असतो आणि तळाशी बारीक टायपात आभार. या सगळ्या संगीतातली सर्वांत उपयोगी वस्तू म्हणजे ती तळाची यादी, असं माझं ठाम मत झालं आहे. त्यातली निम्मी नावं तरी इतर बँडची निघतात. कोणाच्या व्हॅनमधून दौरा केला, कोणाच्या घरी जमिनीवर पथारी टाकली, कोणाचा अ‍ॅम्प (गिटारचा आवाज वाढवणारं यंत्र) उसना आणला. 'हे ऐकणारे तेही ऐकतात' यापेक्षा 'यांनी आम्हाला अ‍ॅम्प दिला' ही शिफारस मला कितीतरी भरवशाची वाटते. ती देणाऱ्याने त्या बँडला रोज रात्री, समोर उभं राहून ऐकलेलं असतं.

आणि फक्त आभारच नव्हे. अल्कलाईन ट्रिओ या बँडचा पहिला अल्बम १९९८ सालचा, एशियन मॅन रेकॉर्ड्सचा. हे लेबल माइक पार्कने १९९६ मध्ये कॅलिफोर्नियात आईवडिलांच्या गॅरेजमधून सुरू केलं. ध्वनिमुद्रणाच्या ओळीत मॅट अ‍ॅलिसन आणि शिकागोचा अ‍ॅटलस स्टुडिओ. तेच नाव धरून पुढे गेले तर लॉरेन्स आर्म्स सापडला. तोही शिकागोचा, तोही सुरुवातीला एशियन मॅनवर. खरखरीत आणि गोड असे दोन गळे एकाच गाण्यात भांडत असतात. आज मला तो अल्कलाईन ट्रिओपेक्षा जवळचा आहे. दुसरं उदाहरण ब्लास्टिंग रूमचं. डिसेंडेंट्स या बँडचा ड्रमर बिल स्टीव्हनसन आणि त्याच्या साथीदारांनी १९९४ मध्ये कोलोरॅडोतल्या फोर्ट कॉलिन्सला हा स्टुडिओ उभारला. त्याचं नाव क्रेडिटमध्ये दिसलं की ड्रम सुटे सुटे आणि गिटार घट्ट ऐकू येणार हे मला आता आधीच कळतं. वायोमिंगच्या टीनेज बॉटलरॉकेटपर्यंत मी याच नावामुळे पोचले.

ही माहिती देण्याची रीत या संगीताच्या उगमापासूनची आहे. मँचेस्टरच्या बझकॉक्स या बँडने जानेवारी १९७७ मध्ये उसन्या पैशांवर स्वतःच सात इंची ईपी, म्हणजे थोड्या गाण्यांची छोटी रेकॉर्ड, काढली, तेव्हा कव्हरवर प्रत्येक गाणं कितव्या टेकमध्ये झालं आणि वरून गिटार भरली की नाही हेही छापलं. पहिल्या खेपेला १,००० प्रती होत्या, पुढे खप १६,००० वर गेला. आम्ही हे कसं केलं ते बघा, तुम्हीही करा, असा त्या कव्हरचा अर्थ होता. मॅक्झिमम रॉकअँडरोलसारखं मासिक १९८२ पासून पानंच्या पानं परीक्षणं छापायचं. तेही २०१९ मध्ये छापील स्वरूपात थांबलं. म्हणजे छापलेला वाटाड्या म्हणून हातात उरतो तो हा इन्सर्टच.

म्हणून विक्रेत्याशी भांडले. त्याने कव्हर आणि तबकडी दोन्हींना 'निअर मिंट', म्हणजे जवळजवळ नव्यासारखी, असा दर्जा दिला होता, आणि तो अगदी योग्य होता. अडचण अशी की जुन्या रेकॉर्डच्या बाजारात दर्जा ठरतो तबकडीचा आणि कव्हरचा. इन्सर्टला दर्जाच नाही. तो असेल तर विक्रेता वर्णनात लिहितो, नसेल तर बहुतेक जण गप्प राहतात. मी अर्धे पैसे परत मागितले, त्याने किरकोळ रक्कम देऊ केली, मग पत्रांवर पत्रं. शेवटी पाठवणीचा खर्च परत मिळाला. तेवढ्यावर मी थांबले, कारण रेकॉर्ड परत पाठवायला रेकॉर्डच्या किमतीहून जास्त पैसे पडले असते.

दरम्यान मी त्या बँडलाच लिहिलं. बँड कधीचा मोडलेला, पण त्यांचं बँडकॅम्पचं पान कोणीतरी सांभाळत होतं. उत्तराची आशा नव्हती. काही दिवसांत इन्सर्टच्या दोन्ही बाजूंचं स्वच्छ स्कॅन आलं आणि सोबत एक ओळ : आभारयादीतल्या दुसऱ्या ओळीतला बँड नक्की ऐक, त्यांची एकच कॅसेट निघाली होती. कॅसेट ऐकली. या वर्षी ऐकलेली सगळ्यात चांगली वीस मिनिटं होती ती. इथे माझं मत थोडं सरकलं. मी कागदासाठी भांडत होते, पण मला हवी होती नावं, आणि ती स्कॅनमधूनही पुरेपूर मिळाली. तेव्हापासून पुनर्मुद्रित आवृत्तीत इन्सर्ट गाळलेला असला तर मी आधी बँडला विचारते, मग ठरवते.

बँडकॅम्पबद्दल मात्र माझं मत बरंच बदललं. सुरुवातीला मी ते फक्त फाइल घ्यायचं दुकान समजून वापरत होते. अल्बमच्या पानावर क्रेडिटसाठी जागा असते, पण कितीतरी बँड ती कोरी सोडतात, म्हणजे ज्याच्यासाठी मी आले तेच नाही. 'पॉप-पंक' हा टॅग तर निरुपयोगी, त्याखाली काहीही सापडतं. मग अल्बमखालच्या छोट्या चौकटींकडे लक्ष गेलं. तो अल्बम ज्यांनी विकत घेतला त्यांची चित्रं तिथे असतात, आणि एखाद्या चित्रावर गेलं की त्या माणसाचा अख्खा संग्रह उघडतो. पैसे देऊन घेतलेला, म्हणजे मनापासूनचा.

आभारयादीत एक उणीव आहे, ती या संग्रहांनी भरून काढली. यादी मित्रांची असते, आणि मित्र एकाच गावचे, एकाच तळघरात वाजवणारे असतात. न्यू जर्सीच्या लाइफटाइम या बँडपासून निघालं की फिरून फिरून न्यू जर्सीतच. अनोळखी श्रोत्याचा संग्रह असं कुंपण मानत नाही. टेक्ससमधल्या डेन्टनचा मार्क्ड मेन हा बँड मला आधीपासून ठाऊक होता. आवाज मुद्दाम चोंदलेला, वेग असा की दोन गाण्यांमध्ये श्वास घ्यायला जागा नाही. त्याच्या एका खरेदीदाराच्या संग्रहात जेफ बर्कचा रेडिओअ‍ॅक्टिव्हिटी आणि मार्क रायनचा माइंड स्पायडर्स शेजारी शेजारी दिसले. दोघेही मार्क्ड मेनचेच, आणि ते दोन्ही बँड डर्टनॅप या लेबलवर. त्याच संग्रहात डर्टनॅपनेच अमेरिकेत आणलेला मार्था निघाला, इंग्लंडमधल्या डरहॅमजवळच्या पिटी मी नावाच्या गावातला. चौघंही गातात, आपल्याच बोलीच्या उच्चारात गातात, आणि नोकरी-राजकारण-प्रेम हे सगळं तीन मिनिटांत बसवतात. डेन्टनच्या कुठल्याही इन्सर्टने मला तिथे नेलं नसतं. महिनाभर मी दुसरं काही लावलं नाही.

काटकसरीचा धडाही मार्थानेच दिला. त्यांचा २०२२ चा अल्बम ब्रिटनमध्ये ब्रिस्टलच्या स्पेशलिस्ट सब्जेक्टने काढला आणि अमेरिकेत डर्टनॅपने. रेकॉर्ड तीच, पण पाठवणीचा खर्च कुठून मागवता यावर पार बदलतो. आता बँडच्या पानावरून थेट ऑर्डर देण्याआधी मी त्या अल्बमची सगळी लेबलं बघते आणि जवळच्या लेबलकडून तीन-चार रेकॉर्ड एकत्र मागवते. सात इंचींची हौस यातच आवरली. दोन-चार गाण्यांच्या रेकॉर्डला एलपीइतकाच टपालखर्च देणं मला पटत नाही. ती एलपीसोबत येत असेल तरच घेते. जेफ रोझेनस्टॉकच्या क्वोट अनक्वोट रेकॉर्ड्सने हा प्रश्न २००६ मध्येच वेगळ्या रीतीने सोडवला होता : अल्बम फुकट उतरवून घ्या, जमेल तेवढी देणगी द्या. तिथे मी रेकॉर्डच्या किमतीएवढी देणगी दिली, टपालाचे पैसे वाचले.

पैसा कुठे जातो हे मी मुद्दाम बघते. बँडकॅम्प डिजिटल विक्रीतून १५ टक्के घेतं, विक्री ५,००० डॉलरवर गेली की १० टक्के, आणि रेकॉर्डवर १० टक्के. पेमेंटचा खर्च वेगळा. मार्च २०२० पासून अधूनमधून एखाद्या शुक्रवारी ते आपला वाटा सोडतं, माझ्या मोठ्या खरेद्या त्या दिवसासाठी राखलेल्या असतात. याउलट स्पॉटिफायने २०२४ पासून नियमच केला की आधीच्या बारा महिन्यांत किमान १,००० वेळा ऐकलं न गेलेल्या गाण्याचे पैसे मिळणार नाहीत. मी ज्या कॅसेटबद्दल वर लिहिलं, तसल्या बँडची अर्धीअधिक गाणी या रेषेखालीच राहणार.

तरी बँडकॅम्पवरही डोळे मिटून विसंबू नये. २०२२ मध्ये ते एपिक गेम्सने घेतलं, २०२३ मध्ये सॉन्गट्रेडरला विकलं, आणि त्या हस्तांतरात निम्म्या कर्मचाऱ्यांच्या नोकऱ्या गेल्या. म्हणून विकत घेतलं की त्याच दिवशी फ्लॅक (मूळ आवाजातलं काहीही न गाळणारी) फाइल उतरवून दोन ठिकाणी ठेवते. छोटं लेबल म्हणजे कायम सज्जन, असंही नाही. बर्कलीचं लुकआउट १९८७ चं. ऑपरेशन आयव्ही आणि ग्रीन डेचे पहिले अल्बम त्यांचे. ज्या गिलमन स्ट्रीट क्लबभोवती हे सगळं वाढलं, तिथे मोठ्या लेबलशी करार केलेल्या बँडला मनाई होती, आणि मोठ्या लेबलकडे गेल्यावर ती ग्रीन डेलाही लागू झाली. पण पुढे रॉयल्टी थकवली ती याच स्वतंत्र लेबलने. २००५ मध्ये ग्रीन डेने आपले अल्बम काढून घेतले, २०१२ मध्ये लुकआउट संपलं. लुकआउटची जुनी रेकॉर्ड घेताना बँडच्या हातात काही पडत नाही हे मला बोचतं, म्हणून त्या बँडचं दुसरं काहीतरी थेट त्यांच्याकडून घेते.

आवाजाबद्दल थोडक्यात. या संगीताला एलपी मानवते, कारण अल्बम छोटे असतात. सुई बाहेरच्या कडेला खोबणीतून सेकंदाला सुमारे ५० सेंटिमीटर अंतर कापते, आतल्या टोकाला त्याच्या निम्म्याहून कमी, म्हणून बाजूच्या शेवटच्या गाण्यात झांजा आणि 'स' फाटतात. डिसेंडेंट्सचा १९८२ चा पहिला अल्बम पुरा २२ मिनिटांचा आहे, दोन बाजूंना वाटला की सुईला आतल्या टोकाकडे जावंच लागत नाही. पस्तीस-चाळीस मिनिटं एकाच तबकडीत कोंबणाऱ्यांची मात्र मी फाइलच घेते. रंगीत तबकड्यांसाठी जास्त पैसे देत नाही.

एवढ्या महिन्यांनंतर माझी मागणी बँडकडेच आहे. रेकॉर्डमध्ये इन्सर्ट घालणं परवडत नसेल तर नका घालू, छपाईला पैसे लागतात हे समजतं. पण पानावरची क्रेडिटची जागा भरायला काही पडत नाही. स्टुडिओ कोणता, ध्वनिमुद्रण कोणाचं, दौरा कोणासोबत केला, अ‍ॅम्प कोणाचा आणला, एवढं लिहा. मोडलेल्या बँडची नावंही लिहा, त्यांची तर आधी लिहा. मी त्यातलं प्रत्येक नाव शोधून ऐकते, आणि आवडलं तर विकत घेते.