वाळवंटातली ‘राखीव जागा’ आणि आमचे वीस हजार

गेल्या आठवड्यात जैसलमेरहून जीपवाल्या चाचांचा फोन आला. म्हणाले, “भाईसाब, वही कागज, वही जगह. इस बार नासिक की फॅमिली.” तंबूच्या जागेच्या नावाखाली खोटा परवाना देऊन आम्हाला फसवलं, त्याला दोन महिने होत आले. घरात त्याविषयी बोलणं आम्ही बंद केलं होतं, बाहेर तर कुणाला सांगितलंच नव्हतं. पण तोच कागद अजून फिरतोय म्हटल्यावर गप्प बसवेना. म्हणून सगळं लिहितोय, आकड्यांसकट.

मी सोलापूरचा. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात हिशेब बघतो. लहानपणापासून मला नान्नजचं वेड. बार्शी रोडनं वीसेक किलोमीटर गेलं की ते माळरान लागतं. १९७९ साली तिथं माळढोक पक्ष्यासाठी अभयारण्य झालं. वडील सायकलवर डबल सीट न्यायचे. माळढोक मी आयुष्यात एकदाच पाहिला, लांबून, गवतात मान वर करून उभा. माझ्या मुलानं आणि भाचीनं तो फक्त पाटीवरच्या चित्रात पाहिलाय. देशात उरलेले बहुतेक माळढोक आता जैसलमेरच्या बाजूला आहेत. तिकडं त्याला गोडावण म्हणतात, राजस्थानचा तो राज्यपक्षी आहे. पोरांना तो जिवंत दाखवायचा, हे माझ्या मनात फार वर्षांपासून होतं. यंदा ताई आणि दाजीही तयार झाले. मी, बायको, मुलगा, ताई, दाजी आणि भाची असे सहाजण. डिसेंबरच्या शेवटी निघायचं आणि जानेवारीतल्या गड्ड्याच्या जत्रेच्या आत घरी यायचं, असं ठरलं.

जैसलमेरला तंबूत राहायचं म्हटलं की जो तो समचं नाव सांगतो. शहरापासून चाळीसेक किलोमीटरवर वाळूच्या टेकड्या, त्यांच्या अलीकडं तंबूंच्या रांगा, रात्री नाचगाणं आणि मोठमोठे स्पीकर. ज्यांना ते आवडतं त्यांनी जरूर जावं. आम्हाला शांतता हवी होती आणि तंबू आमचेच होते, दोन. मी प्रवासाच्या एका ग्रुपवर विचारलं: “स्वतःचे तंबू आहेत, गोंगाट नको, सकाळी माळढोक दिसण्याची शक्यता असेल अशी जागा सुचवा.” मला काय हवंय, कशाची ओढ आहे, ते मी स्वतःच उघड्यावर लिहून ठेवलं होतं. बाकी सगळं त्यातूनच झालं.

तासाभरात मेसेज आला. बोलणारा गोड होता. पाच वर्षं पुण्यात होतो म्हणाला, मध्येच “काय भाऊ, जेवण झालं का” असं मराठीतही विचारायचा. त्याच्याकडं समच्या पुढं एक ‘राखीव कॅम्पिंग झोन’ होता. वनखात्याची परवानगी, पाण्याची टाकी, राखणदार, न्यायला-आणायला जीप. आणि शेवटी, “तंबू से ही गोडावण दिखेगा, भाऊ.” फोटोही पाठवले: सोनेरी वाळू, दोन तंबू, लांबवर पक्षी. नकाशावरची पिन पाठवली. त्या पिनखाली पंधरावीस अभिप्राय होते, सगळे पाच तारे. ते सगळे एकाच पंधरवड्यातले होते, हे मी घरी परत आल्यावर पाहिलं.

हिशेब असा होता. जागेचे माणशी ९०० म्हणजे ५,४००, परवानगीचे माणशी ५०० म्हणजे ३,०००, जीपचे ४,५००. एकूण १२,९००. निम्मे आगाऊ, म्हणून ६,४५० पाठवले. आठवड्यानं म्हणाला, सीमाभाग आहे, पोलीस पडताळणी लागते, माणशी ३५०. सहाजणांचे आधार मागितले, ते दिले, आणि २,१०० दिले. मग आली अनामत, ५,०००, निघताना परत मिळणार म्हणे. तीही दिली. पैसे दर वेळी वेगळ्या नावाच्या खात्यावर गेले. एकदा बायकोचं खातं, एकदा मुनीमजीचं, एकदा आणखी कुणाचं. पैसे पाठवण्याआधी स्क्रीनवर समोरच्याचं नाव येतं, ते मी तिन्ही वेळा वाचलं होतं. कारखान्यात एखाद्या पार्टीनं दर बिलाला नवं खातं दिलं तर मी मालकाच्या सहीशिवाय रुपया सोडत नाही. इथं मात्र सोडला.

अनामत भरल्यावर ‘परमिट’ आलं. वर राजमुद्रा, ‘वन विभाग’ अशी अक्षरं, शिक्का, सहाजणांची नावं. खाली त्याच कागदावर जीएसटी क्रमांकासह पावती. हा कागद मी आता पाठ केलाय, म्हणून त्यात काय चुकलं होतं ते नीट सांगतो. सरकारी परवानगी आणि खासगी धंद्याची पावती एका कागदावर येत नाही, ही पहिली गोष्ट. दुसरी गोष्ट जीएसटी क्रमांकाची. तो १५ अक्षरांचा असतो आणि पहिले दोन आकडे राज्याचे असतात. राजस्थानचे ०८. या कागदावर २७ होते, म्हणजे महाराष्ट्राचे. २७ माझ्या डोळ्यांसमोर रोज असतो, शेकडो बिलांवर. जैसलमेरच्या पावतीवर ०८ हवा होता, पण सवयीचा आकडा दिसला म्हणून मला तो खटकला नाही. जीएसटीच्या पोर्टलवर कुणाचाही क्रमांक टाकून बघता येतो, लॉगिनही लागत नाही. नंतर टाकून पाहिला तर तो कुठल्याशा हार्डवेअर दुकानाचा निघाला.

सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं दादर, दुपारी वांद्रे टर्मिनसहून सूर्यनगरी, दुसऱ्या दिवशी सकाळी जोधपूर. बरोबर कडक भाकरी, शेंगा चटणी आणि थंडीसाठी चार चादरी. जोधपूरच्या बस स्टँडवर असतानाच त्याचा फोन आला. उरलेले पैसे आत्ता टाका, नाहीतर जीप दुसऱ्या पार्टीला जाईल. मी उभ्या उभ्या ६,४५० टाकले. आतापर्यंत वीस हजार झाले. त्यानंतर त्यानं दोनदा फोन उचलला. पहिल्यांदा म्हणाला, आदमी जैसलमेर में मिलेगा. दुसऱ्यांदा म्हणाला, सम में मिलेगा. मग फोन बंद.

जैसलमेरला दुपारी अडीच वाजता पोचलो. तासभर वाट पाहून स्टँडवरचीच एक जीप ठरवली. चाचा साठीचे असतील. मोबाइलमधली पिन दाखवल्यावर त्यांनी ती बोटानं मोठी केली, पुन्हा लहान केली आणि विचारलं, “किसने बेची?” कुणी दाखवली असं नाही, कुणी विकली असं विचारलं. तेव्हाच माझ्या पोटात गोळा आला.

ती पिन मरू राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत होती. १९८० साली, म्हणजे आपल्या नान्नजच्या पुढच्याच वर्षी, हे जाहीर झालं. जैसलमेर आणि बाडमेर जिल्ह्यांत मिळून ३,१६२ चौरस किलोमीटर. नावात राष्ट्रीय उद्यान असलं तरी कायद्यानं ते अभयारण्य आहे. आत गावं आहेत, शेतं आहेत, शेळ्यामेंढ्या आहेत, सगळीकडं कुंपण नाही. त्यामुळं नवख्या माणसाला कळतच नाही की आपण आत शिरलो. चाचांनी आम्हाला पिनवर नेलंच नाही, सरळ वनखात्याच्या चौकीवर नेलं. तिथल्या गार्डनं कागद हातात घेतला आणि पुरता वाचायच्या आधीच परत दिला. असे कागद त्यानं आधीही पाहिले होते. ‘कॅम्पिंग झोन’ असं काही नाहीच, म्हणाला. वन्यजीव कायद्याखाली अभयारण्यात शिरायलाच परवानगी लागते. ती घेऊन दिवसा ठरलेल्या भागात जाता येतं, रात्री कुठंही तंबू ठोकता येत नाही. गोडावण उघड्या जमिनीवर अंडं घालते, बहुधा एकच, घरटं असं काही नसतं. तिथं जीप आणि तंबू घुसले तर काय होईल, तुम्हीच सांगा.

मला उत्तर देता आलं नाही. नान्नजच्या माळावर कुणी शहरी माणसानं गाडी घालून तंबू ठोकला असता तर मीच पहिल्यांदा भांडलो असतो. आपला माळही परक्याला असाच ओसाड, बेवारस दिसतो. तो कुणाचा आहे, कुठं गायरान संपतं आणि कुठं वनखातं सुरू होतं, हे आपल्याला माहीत असतं. त्याला नसतं. मी जैसलमेरात तोच परका होतो, आणि एवढं मोठं वाळवंट, कुठंही दोन तंबू मावतील, ही समजूत धरून घरातून निघालो होतो. त्या माणसानं तीच समजूत मला विकली.

अंधार पडायला आला होता. चाचांनी आम्हाला त्यांच्या गावी भावाच्या घरी नेलं. अंगणापलीकडं त्यांचीच मोकळी जागा होती, तिथं तंबू लावले. वाळूत आमच्या साध्या खुंट्या ओढल्या की निघत. चाचांच्या पुतण्यानं पिशव्यांत वाळू भरून त्यांना दोऱ्या बांधल्या आणि त्या पिशव्या हातभर खोल पुरल्या. मग तंबू हलला नाही. बाजरीची भाकरी आणि केर-सांगरीची भाजी खाताना मी त्यांना विचारलं की बाहेरच्या माणसानं जागा शोधायची तरी कशी. त्यांनी जे सांगितलं ते मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. झाडं राखलेला, लाकूडतोड न झालेला पट्टा दिसला तर ती ओरण असण्याची शक्यता असते, म्हणजे देवाच्या नावानं राखलेली जमीन, आपल्याकडच्या देवराईसारखी. सपाट, घट्ट मातीचं मोकळं मैदान दिसलं तर ते खडीन असू शकतं. पावसाचं वाहून आलेलं पाणी बांध घालून अडवायचं आणि त्या ओलीवर पीक घ्यायचं, ही तिकडची जुनी शेती. तंबूला सगळ्यात सोयीची वाटणारी जागा नेमकी कुणाचं तरी शेत असते. पोखरणकडं लष्कराच्या सरावाची जमीन आहे, पश्चिमेला पुढं सीमा आहे. म्हणून आधी गाव गाठायचं, माणसाला विचारायचं, त्याच्या घराजवळ त्याच्या परवानगीनं राहायचं आणि पैसे त्याच्या हातात द्यायचे. त्यांनी आमच्याकडून तंबूमागे २०० रुपये घेतले. जेवणाचे घेतच नव्हते, ताईनं बळंच दिले.

साडेआठच्या सुमारास मी १९३० ला फोन लावला. सायबर फसवणुकीचा हा देशभरचा क्रमांक. चारही व्यवहारांचे क्रमांक, रक्कम, वेळ, सगळं विचारलं. त्या दिवशी सकाळी गेलेले ६,४५० पुढच्या खात्यात होते, ते गोठवले गेले. आधीचे १३,५५० केव्हाच काढून नेले होते. पुणे-मुंबईत असतानाच शंका येऊन फोन केला असता तरी ते मिळाले नसते, पण जोधपूरचं पेमेंट मी केलंच नसतं. हा फोन उद्यावर टाकू नका. कुणाच्या ओळखीनं बघू, आधी त्याच्याशी बोलून बघू, असंही करू नका. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात जायला फार वेळ लागत नाही.

रात्री दहाला त्याचाच फोन, नव्या नंबरावरून. आवाज तसाच गोड. गलती हो गई, जीपवाला धोका दे गया, पूरा पैसा वापस. क्यूआर कोड पाठवला, स्कॅन करून पिन टाका म्हणाला. वीस हजार परत येणार म्हणून माझा अंगठा खरोखर त्या पिनवर होता. भाचीनं मोबाइल हातातून ओढून घेतला. “मामा, पैसे यायला पिन लागत नाही. पिन फक्त द्यायला लागतो.” ती एकोणीस वर्षांची आहे. घरातल्या वडीलधाऱ्यांना हे एकच वाक्य आजच सांगून ठेवा.

रात्री थंडी भयंकर होती. आपल्याकडं डिसेंबरात एक चादर पुरते, तिथं एकेका तंबूत दोन-दोन चादरी अंगावर घेऊनही पहाटे कुडकुडलो. कोरडी हवा, आभाळ स्वच्छ, त्यामुळं दिवसभर तापलेली वाळू रात्री झटकन गार पडते. मी जागाच होतो. मुलानं एकदा विचारलं, “पप्पा, मग उद्या दिसेल का तो?” दुसऱ्या दिवशी जैसलमेरला जाऊन रीतसर परवानगी काढली आणि उद्यानातल्या सुदासरीच्या बाजूला गेलो. माळढोक दिसला नाही. चिंकारा दिसल्या, गिधाडं दिसली. सगळे निघायला लागले तरी पोरं दुर्बीण सोडेनात.

परत आल्यावर सोलापुरात सायबर पोलिसांकडं बँकेची स्टेटमेंटं, कागद, फोटो, कॉलची नोंद सगळं दिलं. गोठवलेली रक्कम परत मिळण्यासाठी अर्ज केलाय, अजून मिळालेली नाही. सहाजणांच्या आधारची बायोमेट्रिक माहिती लॉक केली. यापुढं कुणाला आधार द्यावंच लागलं तर शेवटचे चारच आकडे दिसणारी झाकलेली प्रत देणार, तीही कारण आणि तारीख लिहून. ताईला अजून वाटतं की तिच्या नावावर कुणीतरी कर्ज काढेल. ती दर आठवड्याला मला विचारते, आणि मी दर आठवड्याला तपासून सांगतो.

चाचांना मी त्या परमिटाचा फोटो मागेच पाठवला होता. त्यांनी त्याची प्रत काढून जीप स्टँडवर लावलीय. नाशिकच्या कुटुंबानं किती भरले होते, असं मी फोनवर विचारलं. म्हणाले, “पूछा नहीं, भाईसाब. औरतें रो रही थीं.”