धुळ्यातला मानसोपचार दवाखाना: थकव्याच्या आजारासाठी जाणाऱ्यांना सांगते

मी अमळनेरची, शिवणकाम करते. डेंग्यूनंतर अंगातलं बळ गेलं ते परत आलंच नाही. एखादा ब्लाउज शिवला की दुसऱ्या दिवशी पलंगावरून उठवत नाही, रात्रभर झोपूनही अंग जडच. मोठ्या शहरातल्या एका दवाखान्यात क्रॉनिक फटीग सिंड्रोमचं, म्हणजे न जाणाऱ्या थकव्याच्या आजाराचं, निदान झालं. पण तिथेच हो-नाहीचा फॉर्म भरून घेतला आणि फाइलवर 'पर्सनॅलिटी डिसऑर्डर', म्हणजे व्यक्तिमत्त्वाचा विकार, असंही लिहिलं. लोकांत जाणं टाळता का? हो. कामासाठी दुसऱ्यावर अवलंबून राहता का? हो. जिला पाण्याचा हंडा उचलवत नाही तिनं दुसरं काय उत्तर द्यावं? पुढे ज्या डॉक्टरकडे गेले, ते आधी ती ओळ वाचायचे, नाडी नंतर धरायचे.

धुळ्याच्या मॅडमनी माझं ऐकून घेतल्यावर जाऊबाईंना आत बोलावलं. "आजाराआधी या कशा होत्या?" जाऊबाई म्हणाल्या, "आखाजीला सगळ्या गल्लीचे मांडे हीच खापरावर टाकायची, झोक्यावर गाणीही हीच म्हणायची." हे इतक्या वर्षांत कुणी विचारलंच नव्हतं!

मग मॅडमनी समजावलं. व्यक्तिमत्त्वाचा विकार म्हणायचा तर तो स्वभाव किशोरवयापासून किंवा ऐन तारुण्यापासून दिसायला हवा, आणि शरीराच्या आजारानं आलेला बदल त्यात धरत नाहीत. अभ्यासांचे आकडेही जुळत नाहीत: २०१० साली अमेरिकेतल्या जॉर्जियात या आजाराच्या २९ टक्के लोकांत असा विकार निघाला, तर २०१३ च्या बेल्जियमच्या अभ्यासात रुग्णांत आणि इतर लोकांत सारखाच, सुमारे १६ टक्के. "एखाद्याला दोन्ही असू शकतं, असेल तर मी लिहीनच," हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं. मला ते फार आवडलं.

आधी झोपवून, नंतर दहा मिनिटं उभं करून नाडी-बीपी घेतलं. रोज थोडं थोडं चालणं वाढवायचा जुना सल्ला थांबवला; ब्रिटनच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनीही तसा ठरवून वाढवायचा व्यायाम नको म्हटलंय. थकायच्या आधीच काम थांबवायला शिकवलं. गोळीनं हा आजार जाईल असं खोटं आश्वासन नाही. निदानाचा नवा कागद सही-शिक्क्यासह दिला.

तक्रार एकच, पण मोठी: दुसरा मजला, लिफ्ट नाही, आणि बसायला पाठ नसलेलं बाकडं. अशा पेशंटला पायऱ्याच आजारी पाडतात. आधी फोन करा, नंबर आला की वर बोलावतात. आणि तुम्हाला आजाराआधीपासून ओळखणारं माणूस सोबत न्याच.