एंडोस्कोपी केंद्राचा अनुभव : पाच तुकडे आणि नीट लिहिलेला रिपोर्ट

एंडोस्कोपीचं केंद्र मी रिपोर्टवरून जोखतो. या केंद्राला त्यात पूर्ण गुण.

जेवलो की पोट जड, मग मळमळ, असं बरेच महिने चाललं होतं. आधी दुसरीकडे दुर्बीण घालून 'जठराला सूज' एवढंच लिहून दिलं. सूक्ष्मदर्शकाखाली तपासायला अस्तराचा तुकडा (बायोप्सी) घेतलाच नाही. पण जठराच्या अस्तराचा जुनाट दाह नुसत्या डोळ्यांनी पक्का होत नाही. लालसर दिसणारं अस्तर सूक्ष्मदर्शकाखाली निरोगी निघतं, आणि वरून चांगलं दिसणाऱ्या अस्तरात दाह मुरलेला असू शकतो.

इथे तारीख देतानाच डॉक्टरांनी ॲसिडिटीच्या गोळ्या दोन आठवडे थांबवायला सांगितल्या. त्या चालू असल्या तर हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू असूनही सापडत नाही. घशात फवारा, डाव्या कुशीवर झोप, काही मिनिटांत काम संपलं. तुकडे घेतलेले कळलेही नाहीत.

तुकडे कुठून आणि किती घ्यायचे हे ठरवून देणाऱ्या सिडनी पद्धतीप्रमाणे पाच तुकडे घेतले : जठराच्या खालच्या भागातून दोन, मुख्य भागातून दोन, वळणावरून एक. खालच्या आणि मुख्य भागाचे तुकडे वेगळ्या बाटल्यांत ठेवले, याचं मला फार कौतुक वाटलं. दाह कुठे आहे यावरून कारणाचा माग लागतो. खालचा भाग शाबूत राहून फक्त मुख्य भाग झिजला असेल, तर शरीराची प्रतिकारशक्तीच जठरावर उलटल्याचा संशय येतो आणि बी-१२ जीवनसत्त्व तपासावं लागतं.

माझ्या रिपोर्टात दाह, झीज, जंतू, सगळ्याची वेगळी नोंद होती. जंतू सापडला, झीज नाही. डॉक्टर शेजारी बसून म्हणाले, "काका, औषधाचा कोर्स पुरा करा, जंतू गेला की दाह उतरेल. ग्रंथी झिजून तिथे आतड्यासारखं अस्तर आलं असतं, तर कॅन्सरचा धोका वाढला असता. झीज जास्त पसरलेली असली तर दर तीन वर्षांनी दुर्बीण घालायला बोलावतो." इतकं स्पष्ट मला आजवर कोणी सांगितलं नव्हतं.

एक उणीव आहे. जंतू गेला का, हे कोर्स संपल्यावर किमान चार आठवड्यांनी श्वासाच्या किंवा शौचाच्या चाचणीने पाहायचं असतं. श्वासाची चाचणी इथे होत नाही, त्यासाठी दुसरीकडे जावं लागतं. ती सोय त्यांनी लवकर करावी.