लॅबव्ह्यूचा 'व्हॅल्यू चेंज' इव्हेंट: वाळूजच्या लाइनवर काही महिने वापरल्यावर

वाळूज एमआयडीसीत आमच्या लाइनवर लीक टेस्टचा बेंच आहे. अ‍ॅल्युमिनियमचं हाउसिंग बसवायचं, हवा भरायची, दाब किती पडतो ते बघायचं. त्याचा स्क्रीन लॅबव्ह्यूत (चित्रं जोडून प्रोग्राम करायचं सॉफ्टवेअर) केलाय आणि पावसाळ्यापासून तिन्ही शिफ्टला चालू आहे. ग्राफ, नोंदी याबाबत तक्रार नाही. डोकं खातो तो 'व्हॅल्यू चेंज' इव्हेंट, म्हणजे स्क्रीनवरचं बटण किंवा आकडा बदलल्याची प्रोग्रामला मिळणारी सूचना.

हा इव्हेंट माणसाच्या हाताकडे बघतो, आकड्याकडे नाही. सुपरवायझर यादीतून पार्ट निवडतो, प्रोग्राम त्या पार्टची दाबमर्यादा लोकल व्हेरिएबलने (प्रोग्राममधूनच लिहायची सोय) दुसऱ्या कंट्रोलमध्ये, म्हणजे स्क्रीनवरच्या आकड्याच्या चौकटीत, टाकतो. आकडा बदललेला दिसतो, पण त्या कंट्रोलचा इव्हेंट काही येत नाही. पीएलसीला (मशीन चालवणारा औद्योगिक संगणक) मर्यादा पाठवायचं काम तिथेच असेल तर स्क्रीनवर नवा आकडा, पीएलसीत जुनाच. 'व्हॅल्यू सिग्नलिंग' प्रॉपर्टीतून लिहिलं तर येतो, पण मग तोच आकडा पुन्हा लिहिला तरी येतो. दोन कंट्रोल एकमेकांना असं लिहायला लागले की रहाटगाडगं सुरू! म्हणून मी ती टाळतो. हाताने बदल होवो की प्रोग्रामने, काम एकाच क्यूमध्ये (रांगेत) टाकायचं आणि दुसऱ्या लूपने, म्हणजे प्रोग्रामच्या सतत फिरणाऱ्या वेगळ्या भागाने, ते उचलायचं.

लॅच होणाऱ्या, म्हणजे प्रोग्रामने वाचल्यावरच आपोआप सुटणाऱ्या, बटणाचं टर्मिनल (प्रोग्राममधलं त्याचं टोक) त्याच्याच इव्हेंट केसमध्ये, म्हणजे त्या इव्हेंटला चालणाऱ्या कोडच्या चौकटीत, ठेवा. वाचलं गेलं नाही तर बटण दाबलेलंच राहतं. अशा बटणाला सिग्नलिंग चालत नाही, एरर ११९३ येतो.

खरी गंमत रात्रपाळीत. केस पूर्ण होईपर्यंत पॅनेल (स्क्रीन) लॉक ठेवायचा पर्याय मुळातच चालू असतो. सगळी टेस्ट त्याच केसमध्ये असली की स्क्रीन गोठतो. "साहेब, बटन दाबायलोय, पण हे काही हालंना," म्हणत ऑपरेटर आणखी दोनदा दाबतो. ते दाबणं वाया जात नाही, साठून राहतं. टेस्ट संपते, ऑपरेटर मामा हाउसिंग काढायला हात घालतात आणि क्लॅम्प पुन्हा खाली! हातांच्या सुरक्षेचं इंटरलॉक वेगळं आहे म्हणून निभावलं. टेस्ट क्यूमधून दुसऱ्या लूपमध्ये नेली आणि ती चालू असेपर्यंत स्टार्ट बटण डिसेबल केलं, तेव्हा हा प्रकार थांबला.

स्लायडर ओढला तर इव्हेंटांचा नुसता पाऊस. लॅबव्ह्यू २०१३ पासून रांगेत एका इव्हेंटच्या किती प्रती साठू द्यायच्या ते ठरवता येतं. स्लायडरला मी ती मर्यादा एकवर ठेवलीय.