ऑईल हीटिंगचा एक अख्खा हिवाळा : बॉस्टनजवळच्या घरातला अनुभव

वापर ऑक्टोबर ते एप्रिल. घर जुनं, दोन मजली. बेसमेंटमध्ये २७५ गॅलनची लोखंडी टाकी, ऑईलचा बॉयलर, खोल्यांमध्ये गरम पाण्याचे बेसबोर्ड (भिंतीलगत खाली बसवलेले हीटर). न्यू इंग्लंडमध्ये पहिल्यांदा घर घेणाऱ्या आपल्या मंडळींना हा प्रकार बहुधा अगदीच नवा असतो, म्हणून जरा सविस्तर लिहीत आहे.

आधी तेलाबद्दल. कुणाचं तेल 'चांगलं' याची चौकशी करण्यात वेळ घालवू नका. घरगुती हीटिंगला नंबर २ ऑईल लागतं आणि ते सगळ्यांकडे जवळपास एकच असतं. त्याचा लाल रंग दर्जाचा नव्हे. त्यावर रस्त्याचा कर भरलेला नाही, एवढीच ती खूण. जुलै २०१८ पासून इथे मॅसॅच्युसेट्समध्ये तेलातल्या गंधकाची मर्यादा १५ पीपीएम (दहा लाख भागांत १५) आहे. त्यामुळे बॉयलरच्या आत पूर्वीसारखा थर साचत नाही. विचारायचं ते एकच : बायोडिझेल किती टक्के? ५ टक्क्यांपर्यंतचं मिश्रण साध्या तेलातच धरतात. २० टक्क्यांचंही घरातल्या टाकीला चालतं, पण बायोडिझेल जुना गाळ सोडवतं आणि तो सगळा फिल्टरमध्ये येतो. तेव्हा असं तेल सुरू केलं की महिन्याभरात फिल्टर बदलून घ्या.

टाकी घराबाहेर असेल तर मात्र गोष्ट वेगळी. १५–२० फॅरनहाइटच्या आसपास तेलातलं मेण धरू लागतं, बारीक नळीत अडकतं आणि बर्नर (बॉयलरचा तेल जाळणारा भाग) बंद पडतो. अशा घरांना थंडीत केरोसीन मिसळून घ्यावंच लागतं. ते महाग असतं आणि उष्णताही थोडी कमी देतं.

खरी निवड करायची ती डिलिव्हरीच्या पद्धतीची. 'ऑटोमॅटिक'मध्ये कंपनी डिग्री-डे (रोजच्या थंडीचा आकडा) मोजून स्वतःच गाडी पाठवते, 'विल-कॉल'मध्ये आपण फोन करायचा. विल-कॉल गॅलनमागे बहुतेक वेळा स्वस्त पडतं, पण हिशोब आपल्याला ठेवावा लागतो. हिशोब सोपा आहे : ६५ मधून दिवसाचं सरासरी तापमान (फॅरनहाइट) वजा करा, हे त्या दिवसाचे डिग्री-डे, आणि त्यांना घराच्या के-फॅक्टरने भागा. के-फॅक्टर म्हणजे एका गॅलनमध्ये घर किती डिग्री-डे काढतं तो आकडा. दोन डिलिव्हऱ्यांच्या पावत्यांवरून तो निघतो. या घराचा ६ आला. म्हणजे सरासरी ३० अंशांच्या दिवशी सुमारे ६ गॅलन, १० अंशांच्या दिवशी ९ गॅलन. टाकीचा काटा पावावर (एक चतुर्थांशावर) आला की टाकीत साधारण ६० गॅलन असतात, त्यातले तळाचे काही धरायचे नाहीत. कडाक्याच्या थंडीत हे जेमतेम ५–६ दिवस पुरतं. म्हणून फोन पावावर नाही, त्याच्या बराच आधी करा. शिवाय बहुतेक कंपन्या १०० गॅलनपेक्षा कमी आणून देत नाहीत, आणि २७५ च्या टाकीत प्रत्यक्षात २५० च्या आसपासच मावतं.

आगाऊ पैसे भरून दर बांधून घेण्याबाबत माझं मत प्रतिकूल आहे. कंपनी बंद पडली तर पैसे अडकतात. 'कॅप' (दराची कमाल मर्यादा) घेतलात तर बाजार उतरल्यावर आपला दरही उतरणार का, एवढं करारात वाचून घ्या.

तेल भरताना बाहेर शिटीचा आवाज येतो. टाकीतली हवा व्हेंटमधून (हवा जाण्याच्या नळीतून) निघते, तिचा तो आवाज. शिटी थांबली की टाकी भरली. शिटी वाजतच नसेल तर चालकाने भरणं थांबवलं पाहिजे. पावती मीटरने छापलेलीच घ्या, हाताने लिहिलेली नको. टाकी फार रिकामी झाली असेल तर भरल्यावर तास-दोन तास बर्नर बंद ठेवा, ढवळलेला गाळ खाली बसू द्या.

तेल संपलंच तर पेट्रोल पंपावरून ५ गॅलन डिझेल पिवळ्या कॅनमध्ये आणून टाकता येतं. बर्नरला ते चालतं. पेट्रोल चुकूनही नको. मग नळीतली हवा काढायची. बर्नरच्या तेलपंपाला हवा काढायचा ब्लीडर स्क्रू असतो, त्यावर पारदर्शक नळी बसवा, तिचं टोक बाटलीत सोडा, ३/८ इंची पान्याने स्क्रू अर्धा फेरा सैल करा, बर्नर चालू करा. आधी फेस येईल. बुडबुडे थांबून तेलाची सलग धार आली की स्क्रू आवळा. ज्योत धरली पाहिजे. लाल रीसेट बटण एकदाच दाबायचं. पुन्हा पुन्हा दाबलं तर न जळलेलं तेल भट्टीत साचतं, मग एकदम पेटतं आणि काजळी घरभर पसरते. एकदा दाबून चालू झालं नाही तर टेक्निशियनला बोलवा.

वर्षातून एकदा सर्व्हिसिंग कराच, शक्यतो सप्टेंबरात. नॉझल (तेल फवारणारं टोक), फिल्टर, पंपाची जाळी बदलून आणि ज्योतीची तपासणी करून आकडे लेखी मागा : कार्बन डायऑक्साइड ११–१२ टक्के, धूर शून्य. फक्त व्हॅक्यूम मारून गेलेल्याला सर्व्हिसिंग म्हणू नये. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म प्रत्येक मजल्यावर हवा.

खर्चाबद्दल : एक गॅलन म्हणजे सुमारे १,३८,५०० बीटीयू (उष्णतेचं एकक), ८५ टक्के कार्यक्षमतेने घराला १,१७,७०० मिळतात. हीट पंपला (बाहेरच्या हवेतली उष्णता घरात आणणारं विजेचं यंत्र) एवढ्यासाठी, २.५ सीओपी (एका युनिट विजेत अडीच युनिट उष्णता) धरला तर, जवळपास १३.८ युनिट वीज लागते. म्हणजे गॅलनला ४ डॉलरचं तेल आणि युनिटला २९ सेंटची वीज यांची बरोबरी होते. आपल्या बिलावरचा दर यात घालून पाहा, मगच बॉयलर काढायचा विचार करा. आणि बॉयलरमध्येच अंघोळीच्या पाण्याची कॉइल असेल तर तो उन्हाळ्यातही तेल पितो, हे धरायला विसरू नका.

घर घेतानाच टाकीच्या पोटाखालून हात फिरवा. लोखंड आतून, तळाशी साचलेल्या पाण्याने गंजतं, त्यामुळे बाहेरचा रंग ठीक असूनही खाली ओलसर, तेलकट थेंब लागतो. गळती साध्या गृहविम्यात बहुधा येत नाही. मॅसॅच्युसेट्समध्ये तेलाच्या नळीला आवरण किंवा टाकीपाशी सेफ्टी व्हॉल्व्ह सक्तीचा आहे. त्यातलं एक लावल्याचा दाखला विक्रेत्याकडून मागून घ्या. एप्रिलमध्ये टाकी रिकामी ठेवू नका, भरून ठेवा. रिकाम्या जागेतली दमट हवाच थंड होऊन ते पाणी होते.