साडेसोळाशेचा रॉड आणि जानेवारीतली उजनी

भोसरीत माझं छोटं लेथचं वर्कशॉप आहे. त्यामुळे फिरणारी कुठलीही वस्तू हातात आली की मी आधी ती कानाशी धरून फिरवतो. नोव्हेंबरात ऑनलाइन मागवलेला मासे पकडायचा रॉड आणि रीळ आले तेव्हाही तेच केलं. रिळातून खरखर आली, जात्यात खडा आल्यासारखी. किंमत १,६५० रुपये. त्यात आठ फुटी टेलिस्कोपिक रॉड, रीळ, त्यावर गुंडाळलेला तंगूस (नायलॉनचा दोरा) आणि फुकट गळांची एक डबी. परत पाठवणार होतो, पण रविवार तोंडावर आला होता आणि रॉड मिटून पाठीवरच्या सॅकमध्ये मावत होता. दुचाकीवाल्याला एवढं पुरतं. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण हाच साचा मला चार वेगळ्या नावांनी विकायला दिसला.

वापरला तो भिगवणजवळ, कुंभारगाव-डिकसळच्या बाजूला. उजनी धरण म्हणजे ११७ टीएमसीचा पसारा, त्यात ६३ टीएमसीहून जास्त नुसता मृतसाठा. उन्हाळ्यात पाणी उतरलं की पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं आणि काठाकाठानं बाभळीची खोडंही उघडी पडतात. जानेवारीत यातलं काहीच दिसत नाही. वर गुळगुळीत पाणी, खाली काटेरी रान. माझे दहातले तीन गळ तरी बाभळीला जातात.

पहिल्या खेपेला मी शहाणपणा करून पहाटेच पोचलो. पाण्यावर धुकं, बोटं बधिर, गांडूळ गळाला लावताना गळ कुठला आणि बोट कुठलं ते कळेना. साडेनऊपर्यंत पाण्यावर तरंगणारा बोया हलला नाही. जाळं काढून आलेला एक भोई शेजारी बिडी पेटवत म्हणाला, "पाव्हणं, थंडीत मासा तोंड उघडत न्हाय. उन्हं वर येऊ द्या की." बरोबर होतं त्याचं. माशाचं अंग पाण्याइतकंच गार, मग पोटातलं जिरायलाही वेळ लागतो. भूकच नाही तर तो खाईल कशाला? अकरानंतर काठाजवळचं उथळ पाणी जरा तापलं आणि चिलापी (तिलापिया मासा) टोचायला लागली. तेव्हापासून मी घरून आठला निघतो, भिगवणला चहा घेतो आणि अकरा ते तीन एवढाच वेळ बसतो. गळ टाकायच्या आधी तिथल्या भोयांना विचारतो, परवान्याचं काय ते कळतं आणि त्यांची जाळी कुठं लावलीत तेही.

आता सामानाबद्दल. सोबत आलेला तंगूस सरळ फेकून द्या. थंडीत तो एवढा ताठ होतो की रिळावरून उतरला तरी वेटोळी सोडत नाही. बोया जरा हलला तर मासा लागला की तंगूसच उसळला, तेच कळत नाही. मी ०.३० मिमीचा मऊ तंगूस भरला, निम्मा वैताग तिथेच संपला.

रिळाच्या खोक्यावर बारा बेअरिंग लिहिलंय. उघडून मोजली तर तीन निघाली, बाकी प्लास्टिकचे बुश. मोठा गिअर जस्ताच्या डायकास्टचा, कडांना कास्टिंगमधून उरलेली धातूची चिंधी तशीच ठेवलेली. खरखर तिथून येत होती. आमच्याकडे असा जॉब पोरानं आणला तर मी त्याला परत मशिनवर उभा करीन. गिअरवर पिवळं ग्रीस मात्र श्रीखंडासारखं थापलेलं. सकाळच्या गारठ्यात ते घट्ट व्हायचं आणि हँडल ढकलावं लागायचं.

आणि जिथं ग्रीस हवं होतं तिथं थेंबभरही नाही. ते कळलं तेव्हा उशीर झाला होता. डिसेंबरातली दुसरी खेप, साडेबाराची वेळ. बोया दोनदा डुबकला, मग आडवा होऊन सरकत गेला. चिलापी असं करत नाही. रोहू होता, माझी खात्री आहे. त्यानं खोल पाण्याकडे धाव घेतली आणि ड्रॅग, म्हणजे मासा ओढतो तेव्हा तंगूस हळूहळू सोडणारा रिळातला ब्रेक, आधी सुटेचना, मग एकदम झटका देऊन सुटला. त्या झटक्यात गाठ तुटली. रॉड सरळ झाला आणि मी मूर्खासारखा पाण्याकडे बघत उभा. घरी येऊन ड्रॅग खोलला. फेल्टच्या तीन चकत्या, तिन्ही कोरड्या ठणठणीत. रॉकेलनं सगळं धुतलं, गिअरच्या कडा बारीक कानशीनं मारल्या, चकत्यांना ग्रीस चोळून मुरू दिलं. आता ड्रॅग लोण्यासारखा सुटतो. हे काम कंपनीत पाच मिनिटांचं आहे.

रॉड फायबरग्लासचा, हातात जड, पण चिवट. टोकाच्या कडीतली सिरॅमिकची बांगडी तिसऱ्या खेपेला निघून पडली. मला ते कळलं तंगूस बोटातून सरकवताना. वीतभर लांबीवर बारीक लव उठली होती. कडी बदलली, तीस रुपये.

फुकट आलेले गळ इतके मऊ आहेत की हसू येतं. पण बाभळीत अडकल्यावर जोर लावला की ते सरळ होतात आणि तंगूस, बोया, शिसं सगळं सुखरूप परत येतं. पक्कडीनं वाकवा, पुन्हा टाका. चिलापीला ते पुरतात. रोहूसाठी चांगला गळ लावा आणि मग बाभळीला नमस्कार करा. आमिष म्हणाल तर कणीक, भुईमुगाची पेंड आणि ठेचलेला लसूण. गोळा घट्ट मळा, नाहीतर बारकी चिलापी दोन मिनिटांत गळ पुसून नेते.

तर घ्यावा का? हातात पाना-पक्कड धरायची सवय असेल तर जरूर. तळहाताएवढ्या चिलापीला काठावरून हा सेट भारी आहे. शेवटच्या रविवारी दुपारी दोनपर्यंत अकरा मिळाल्या. घरी तिखट-मीठ-हळद लावून, रव्यात घोळवून तव्यावर. पेटीतून काढून थेट मासा पकडायची अपेक्षा असेल तर घेऊ नका, दीड हजार जास्त घाला.

हँडलची प्लास्टिकची मूठ जानेवारीत तडकली. तिच्या जागी मी पितळेची करून बसवली, नर्लिंगच्या बारीक खाचा मारून, म्हणजे ओल्या बोटातून निसटत नाही. त्या भोईदादानं ती फिरवून फिरवून बघितली आणि म्हणाला, "पोराच्या रिळाला बी अशीच एक करून आणा, पाव्हणं." माप घेतलंय. पितळेचा तुकडा शिल्लक आहे.